मोठ्या मुलाची बाबागाडी

थकलेल्या माणसाला उचलून नेण्याच्या इतक्या तऱ्हा महाराष्ट्रातल्या एकाच जिल्ह्यात क्वचितच सापडतील. माथेरानला घोडा आहे आणि माणसाने ओढायची रिक्षाही चालत आली. घारापुरीला धक्क्यापासून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी, आणि तिथून वर लेण्यांपर्यंत खुर्चीची डोली. रायगडावर १९९६ पासून रोपवे. आणि दिघीला, राजपुरी खाडीच्या मुखाशी, माणसांसकट मोटारी पलीकडच्या आगरदांड्याला नेऊन सोडणारी फेरीबोट, जिला इथले लोक जंगलजेटी म्हणतात. रायगड जिल्ह्याचा भूगोलच तसा आहे: डोंगर, खाडी, पुळण, कातळ. यातले प्रत्येक साधन मोठ्या माणसाचे पाय वाचवते. चार ते आठ वर्षांच्या मुलाच्या पायांसाठी मात्र आपण एकच वाहन गृहीत धरत आलो: बापाचा खांदा, आईची कड आणि ‘चल, आलंच बघ’ हे आश्वासन.

गेल्या काही वर्षांत दिघीच्या रांगेत उभ्या असलेल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांच्या डिकीत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. मिटलेली बाबागाडी. तिच्यात दीड वर्षाचे बाळ असेल तर कोणी दुसऱ्यांदा बघत नाही. पाच-सहा वर्षांचे मूल बसले, की मागून वाक्य येतेच: ‘एवढा घोडा झालाय, आणि गाडीत बसतोय!’ बोलणारी बहुतेक वेळा घरातलीच असतात, आजी, काका, आत्या, आणि बोलण्यामागे मायाही असते. हे प्रकरण त्या वाक्याविषयी आहे. मुलाच्या पायांचा हिशेब मांडून पाहिला, तर ते वाक्य बरेचदा चुकीचे ठरते. कधीकधी बरोबरही ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार पाच वर्षांच्या मुलाची सरासरी उंची ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. खुब्यापासून टाचेपर्यंत त्याचा पाय साधारण ५० ते ५२ सेंटिमीटर भरतो. मोठ्या माणसाचा ८५ धरू. चालताना टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखे पुढे झुकते, आणि लंबकाप्रमाणेच या हालचालीचा सहज वेग पायाच्या लांबीवर ठरतो. लांबी दुप्पट झाली म्हणून वेग दुप्पट होत नाही. तो लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्या हिशेबाने पाच वर्षांच्या मुलाचा सहज वेग मोठ्या माणसाच्या साधारण पाऊणपट येतो. म्हणजे आईबाबा ताशी ४.८ किलोमीटरच्या आरामशीर चालीने निघाले, तर शेजारून चालणाऱ्या मुलाला पडणारा ताण मोठ्या माणसाने ताशी सव्वासहा किलोमीटरने चालण्याइतका असतो. तुम्ही स्वतः त्या वेगाने अर्धा तास चालून पाहा. तेही वर बघत, कोणाचा तरी हात धरून, आणि तो हात खांद्याच्या वर ताणलेला ठेवून.

पावलांचा हिशेब याहून सोपा. मोठ्याचे पाऊल ७० सेंटिमीटरचे आणि मुलाचे ४५ चे धरले, तर एका किलोमीटरला आपली चौदाशे पावले होतात आणि त्याची बावीसशे. शिवाय मुलांची चाल साधारण सातव्या वर्षापर्यंत पुरती बसलेली नसते. तोल सावरण्यात, पाऊल नेमके टाकण्यात स्नायू जास्तीचे काम करत राहतात, त्यामुळे तेवढ्याच अंतराला दर किलो वजनामागे मूल मोठ्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करते. ‘पाय दुखतात’ हे नाटक आहे असे ठरवण्याआधी एवढे तरी लक्षात घ्यायला हवे.

यावर आजीचा एक बिनतोड सवाल असतो. धक्क्यावर दोन पावले चालवेनात म्हणून रडणारा हाच नातू दिवेआगरच्या पुळणीवर दुपारपासून अंधार पडेपर्यंत धावत होता, तेव्हा पाय कुठे गेले होते?

सवाल खरा आहे आणि त्याचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत सुंदर वाटते. २०१८ मध्ये फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांची तुलना दोन गटांशी केली: सराव नसलेली प्रौढ माणसे आणि राष्ट्रीय पातळीवरचे दमसासाचे खेळाडू. थोड्या वेळाच्या जोरकस श्रमानंतर मुलांचे शरीर सराव नसलेल्या प्रौढांपेक्षा तर लवकर सावरलेच, काही बाबतींत ते खेळाडूंच्याही बरोबरीला किंवा पुढे होते. लहान मुलांचे स्नायू प्राणवायूच्या मदतीने ऊर्जा मिळवण्यावर अधिक भर देतात आणि थकवा झटकन धुऊन काढतात. पुळणीवरचे मूल पाहा. ते वीस पावले सुसाट धावते, थबकते, शिंपला उचलते, उकिडवे बसून खेकड्याच्या बिळात काडी घालते, पुन्हा धावते. धाव कधी संपवायची आणि किती वेळ बसायचे हे त्याचे तेच ठरवते. मोठ्यांच्या मागून चालताना हीच सोय नाहीशी होते. एकसारखा वेग, तोही दुसऱ्याने ठरवलेला, विसाव्याची मुभा नाही, वाटेत बघण्यासारखे काही नाही आणि पोचायचे कुठे ते माहीत नाही. दोन्हीकडे पाय तेच, काम वेगळे. म्हणून तीन तास धावणारे मूल वीस मिनिटांच्या चालीला खरोखर थकते. त्यात ढोंग नसते.

मनोरंजन उद्यानात ही दोन्ही कामे एकत्र येतात आणि तिसरे एक काम वाढते: उभे राहणे.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. शंभराहून अधिक एकरांचा पसारा, सह्याद्रीच्या पायथ्याचे ऊन, आणि प्रत्येक खेळाला रांग. दिघी-म्हसळ्याकडून माणगावमार्गे येणारे कुटुंब आधीच काही तास गाडीत आखडून बसलेले असते. आत शिरल्यावर सहा वर्षांच्या मुलाची एक खास अडचण होते. मोठ्या पाळण्यांना आणि रोलरकोस्टरला किमान उंचीची अट असते. सुरक्षा-पट्टे ठरावीक उंचीच्या शरीरावरच नीट बसतात, म्हणून ती अट रास्तच. पण त्यामुळे दहा वर्षांची ताई बाबांबरोबर ‘नायट्रो’च्या रांगेत जाते आणि धाकटा आईजवळ खाली थांबतो. मोठ्यांच्या दिवसातला बराचसा वेळ खेळण्यात जात असला, तरी त्याचा जातो थांबण्यात. बसायला कट्टा असेलच असे नाही आणि असला तरी तो सावलीत असेल याची खात्री नाही. अशा वेळी चाकांची गाडी म्हणजे मुलाबरोबर फिरणारा एक बाक आणि एक छप्पर. मोठ्या मुलाच्या बाबागाडीचा खरा उपयोग मुलाला ढकलत नेण्यात कमी आणि त्याला हक्काची बसायची जागा देण्यात जास्त आहे, असे मी म्हणेन.

याआधीच्या पिढीचे मनोरंजन उद्यान म्हणजे गोराईचे एस्सेलवर्ल्ड. १९८९ साली ते सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले. मुंबईतल्या मराठी घरांतली कितीतरी मुले मार्वेच्या किंवा गोराईच्या धक्क्यावरून बोटीने तिथे गेली. तेव्हा मोठ्या मुलाला चाकांवर न्यावे असे कोणाच्या मनातही येत नसे. जत्रेची रीत तिथेही चालली: येताना मूल झोपले, की त्याला खांद्यावर टाकायचे आणि बोट गाठायची.

त्या खांद्याचाही विचार व्हायला हवा. पाच वर्षांच्या मुलाचे सरासरी वजन १८ किलोच्या वर असते. देशांतर्गत विमानात जेवढे सामान आपण तिकिटात नेऊ शकतो, त्या १५ किलोंहून ते अधिक आहे. त्या सामानासाठी मात्र आपण न लाजता ढकलगाडी घेतो. हे वजन कडेवर, म्हणजे शरीराच्या एकाच बाजूला आले, की पाठीचा कणा दुसरीकडे वाकतो आणि कमरेचे स्नायू सतत ताणलेले राहतात. ते उचलणारी बहुधा आई असते, तिच्याकडे दुसरे तान्हे मूल असू शकते, ती गरोदर असू शकते, किंवा नातवंडांना घेऊन निघालेली साठीतली आजी असते. पुरुषांचे खांदे प्रत्येक सहलीत हजर असतातच असे नाही. एकाचा थकवा दूर करताना भार कोणावर जातो, हा प्रश्न या जिल्ह्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. माथेरानच्या हातरिक्षांविषयी ऑगस्ट २०२५ मध्ये निकाल देताना, माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेशी विसंगत आहे असे सांगून न्यायालयाने ती पद्धत सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले, आणि रिक्षा ओढणाऱ्यांची उपजीविका ई-रिक्षांतून सांभाळण्याचा मार्ग दाखवला. घरातल्या माणसाने प्रेमाने उचललेल्या मुलाशी त्याची तुलना होणार नाही, हे उघड आहे. पण उचलणाऱ्याच्या पाठीचा विचार करणे म्हणजे माया आटणे नव्हे, इतके त्यातून घ्यायला हरकत नाही.

बाबागाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो ‘ही तर बाळांची वस्तू’ या समजाला छेद देतो. इंग्लंडमध्ये १७३३ मध्ये विल्यम केंट या वास्तुरचनाकाराने डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी केली, ती शेळीने किंवा छोट्या तट्टाने ओढायची होती. म्हणजे बसून, धरून, मजा घेऊ शकणाऱ्या मुलांची ती गाडी होती; पाळण्यातल्या बाळाची नव्हे. आजची मिटणारी हलकी गाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्ये तयार केली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस. हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि मिटणारे सांधे त्याच्या हातचे होते. तीन किलोच्या आत वजन असलेली त्याची गाडी छत्रीसारखी मिटायची. आज दिघीच्या डिक्यांत दिसतात त्या बहुतेक गाड्या तिच्याच वंशातल्या.

मूल गाडीत मावते की नाही हे वयाने ठरत नाही, वजनाने ठरते. युरोपातल्या मानकांत बाबागाड्यांचे दोन भाग आहेत: १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी एक, आणि १५ ते २२ किलोंसाठी दुसरा. वाढतक्ता शेजारी ठेवला तर तीन वर्षांचे सरासरी मूल १४ किलोंच्या आसपास असते, चार वर्षांचे १६, सहा वर्षांचे २० ते साडेवीस आणि सात वर्षांचे साडेबावीस. याचा अर्थ बाळासाठी घेतलेली साधी गाडी चौथ्या वर्षाच्या आधीच अपुरी पडते. दांड्यावरच्या किंवा सीटखालच्या लेबलावर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती वाचायला हवी. आपली पुष्कळ मुले या सरासरीपेक्षा हलकी असतात, त्यामुळे मोठ्या मुलांची गाडी सात-साडेसात वर्षांपर्यंतही चालू शकते. मर्यादा ओलांडली की आधी चाकांचे आस आणि मिटण्याचे सांधे दगा देतात. त्याआधीही एक धोका असतो: मोठे मूल चढताना पाय ठेवायच्या फळीवर उभे राहते आणि गाडी पुढे कलंडते. मूठ धरायच्या दांड्यावर पिशव्या लटकवल्या असतील, तर मूल उतरताक्षणी ती मागे कोसळते. सांध्यांत बोट सापडण्याच्या तक्रारींमुळे २००९ मध्ये अमेरिकेत एकाच कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांच्या सांध्यांवर आवरणे बसवावी लागली होती. सहा वर्षांच्या मुलाला गाडी स्वतः मिटून बघायची हौस असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

परदेशातल्या मोठ्या उद्यानांनी या प्रश्नाचा हिशेब केव्हाच मांडला आहे. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडले, फ्लोरिडातले डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला. मुलाकडे किंवा नातवंडांकडे गेलेले मराठी आजीआजोबा तिथे पहिल्यांदा पाहतात की पाच-सहा वर्षांची मुले गाडीत निवांत बसली आहेत आणि कोणालाही त्याचे काही वाटत नाही. तिथे भाड्याने मिळणारी एकेरी गाडी ५० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २२.७ किलोंपर्यंतच्या मुलासाठी असते. वर सांगितलेल्या सहा-सात वर्षांच्या मर्यादेशी हे जुळते. गाड्या इतक्या वाढल्या की १ मे २०१९ पासून ७९ सेंटिमीटरहून रुंद किंवा १३२ सेंटिमीटरहून लांब गाडी आत नेण्यास बंदी आली, आणि मुलांना बसवून ओढायचे चारचाकी गाडेही बंद झाले. खेळाच्या बाहेर गाड्या उभ्या करण्याच्या जागा असतात आणि तिथले कर्मचारी त्या सरकवून नीट लावतात, त्यामुळे परत आल्यावर आपली गाडी ठेवली तिथे सापडत नाही. दांड्याला रंगीत ओढणी बांधून ठेवलेली बरी. मौल्यवान काही आत ठेवू नये.

आता या सगळ्याला दिघीच्या जमिनीवर आणू, कारण फ्लोरिडातल्या उद्यानाचा गुळगुळीत रस्ता इथे नाही.

दिघीचा धक्का पाण्याकडे उतरत जाणारा आहे. बोट आपली फळी त्या उतारावर टेकवते आणि माणसे, दुचाक्या, मोटारी चढतात. भरतीला पाणी वर आलेले असते, तेव्हा बोट उताराच्या वरच्या, कोरड्या भागाशी लागते आणि चालायचे अंतर थोडे राहते. ओहोटीला ती खूप खाली लागते. तेवढा सगळा उतार उतरायचा, पलीकडे तेवढाच चढायचा, आणि खालचा भाग नुकताच पाण्यातून वर आलेला असल्यामुळे ओला, शेवाळाचा. गाडी ढकलत नेणाऱ्याला हे फार महत्त्वाचे. पुळणीवर हिशेब बरोबर उलटा. बोर्ली पंचतनवरून दिवेआगरला गेलात आणि भरती असली, तर समोर फक्त वरची सुकी, भुसभुशीत वाळू उरते. लहान चाक त्यात रुतते आणि गाडी ढकलणे मूल उचलण्याहून अवघड होते. ओहोटीला पाण्याने सोडलेला ओला पट्टा उघडा पडतो. वाळूच्या कणांमधले थोडेसे पाणी त्यांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ती जमीन टणक असते आणि साधी गाडीही तिच्यावरून चालते. थोडक्यात, बोट भरतीला धरावी आणि पुळण ओहोटीला.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, सकाळी आणि रात्री नऊच्या आसपास, ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, दुपारी सव्वादोन-अडीचला ओहोटी. हा आडाखाच आहे, थोडेफार मागेपुढे होते, अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते किंवा धक्क्यावर विचारावी. पण सहा वर्षांच्या मुलाला घेऊन निघताना हॉटेलच्या खोलीआधी कॅलेंडरातली तिथी बघावी, असे मला मनापासून वाटते. चतुर्थीला सकाळी नऊला पुळण आणि दुपारी तीनला दिघीची बोट, असा दिवस आखला की अर्धा थकवा आधीच टळतो.

बोटीबाबत एक नियम मात्र तडजोडीचा नाही. बोटीवर चढण्यापूर्वी मुलाला गाडीतून उतरवायचे, गाडी मिटायची आणि मूल हाताशी धरायचे. पट्टा बांधून बसवलेल्या मुलासकट गाडी उतारावरून सुटली किंवा पाण्यात गेली, तर पट्टाच त्याला अडकवून ठेवील. चाकाला अडवणारा ब्रेक डांबरी रस्त्यावर पुरतो. ओल्या, हलत्या लोखंडी फळीवर त्याचा भरवसा धरू नये. जीवनरक्षक जाकीट घालायला दिले, तर ते मुलाच्या मापाचे आहे ना ते बघावे.

दिघीहून समोर दिसणारा जंजिरा हे मुलांचे मोठे आकर्षण. तिथे गाडीचा काहीच उपयोग नाही, हे आधीच मान्य करून निघावे. राजपुरीहून किंवा दिघीहून निघालेली होडी किल्ल्याच्या दरवाजापाशी लागते, लाटेबरोबर वरखाली होत असते, आणि खलाशी दंडाला धरून एकेकाला पायरीवर घेतात. पावसाळ्यात किल्ला बंदच असतो. आत सुमारे २२ एकरांत पायऱ्या, पडके चिरे, उंचसखल दगड, १९ बुरुज, आणि वेळ थोडा, कारण होडी परत न्यायची असते. इथे मुलाच्या पायांना वाचवायचे, तर किल्ला कमी पाहायचा. कलालबांगडी तोफ, गोड्या पाण्याचा एक तलाव आणि बुरुजावरून दिसणारी दिघीची बाजू एवढेच ठरवून नीट बघितले, मध्ये दोनदा सावलीत बसलो, तर सहा वर्षांचे मूल किल्ला हसत उतरते. धावणे, थबकणे, पुन्हा धावणे ही त्याच्या शरीराची रीत आहे. आपण तिच्याप्रमाणे चाललो, तर बऱ्याच ठिकाणी चाकांची गरज पडत नाही.

उन्हाविषयी थोडे. मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठ्यापेक्षा जास्त असतो आणि घाम कमी येतो, त्यामुळे हवा त्वचेहून गरम झाली की ते भरभर तापते. गाडीत बसलेले मूल जमिनीजवळ असते, आणि तापलेल्या डांबराजवळची हवा आपल्या चेहऱ्याजवळच्या हवेहून गरम असते. सावलीसाठी वरून दुपट्टा झाकण्याची सवय सर्वत्र दिसते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले, की कोरड्या कापडाने झाकले तर गाडीच्या आतले तापमान बाहेरपेक्षा वाढते. विरळ कापड ओले करून टाकले आणि छोटा पंखा लावला तर ते कमी होते. कोकणच्या दमट हवेत पाणी सावकाश उडते, म्हणून हा ओलाव्याचा उपाय आपल्याकडे तितका लागू पडेल असे समजू नये. छप्पर वरून असावे, समोरची बाजू उघडी असावी, आणि अकरा ते चार या वेळेत सावली शोधावी. मोठ्या मुलाच्या बाबतीत एक सोय अशी, की ते सांगू शकते. त्याने ‘गरम होतंय’ म्हटले की ऐकावे.

आता आजीच्या वाक्यातला खरा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी केलेल्या शिफारशींत म्हटले आहे, की मुलाला गाडीत किंवा खुर्चीत एका वेळी एका तासाहून जास्त जखडून ठेवू नये, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी. पाच वर्षांच्या पुढे रोज सरासरी तासभर दमवणारा खेळ हवा. गावातल्या रोजच्या वाटेवर, शाळेत जाताना, भाजी आणायला जाताना धडधाकट सहा वर्षांच्या मुलाला गाडीत बसवले, तर ते त्याच्यावर अन्याय आहे. त्या वाटा त्याच्या पायांच्या आहेत. आपल्याला घाई आहे म्हणून त्याला बसवून ढकलत नेणे आणि ते थकले म्हणून त्याला बसायला देणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. ओळखायची कशी? पाहावे, की गाडीत चढायचे कोणी ठरवले, आणि उतरावेसे वाटले की त्याला उतरू देतात का. पुळण दिसताच मूल गाडीतून उडी मारून पळाले, तर सगळे ठीक चालले आहे.

आणि काही मुले उडी मारून पळत नाहीत. त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हे प्रकरण संपवता येत नाही. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचा ऱ्हास, सिकलसेल, हिमोफिलिया, हृदयाचे दोष, संधिवात: यातली कितीतरी मुले दहा पावले इतरांसारखीच चालतात आणि शंभराव्या पावलाला त्यांना वेदना सुरू होतात. स्वमग्न मुलाला गर्दीचा आवाज आणि धक्के सोसत नाहीत. छप्पर पुढे ओढलेली गाडी ही त्याची एकट्याची खोली असते. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. दिसते फक्त ‘एवढा घोडा’. ते वाक्य त्या आईच्या कानावर दिवसातून कितीदा पडत असेल, याचा विचार बोलण्याआधी करावा, ही माझी विनंती आहे. डिस्नेच्या उद्यानांत अशा मुलांच्या गाडीला एक चिठ्ठी लावून देतात. ती असली की गाडी चाकाच्या खुर्चीसारखी मानून थेट रांगेत नेता येते. आपल्या उद्यानांना ही व्यवस्था सुरू करायला एक छापील पट्टी आणि दाराशी समज दिलेला माणूस एवढेच लागेल.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. वर सांगितलेले सिकलसेल, हिमोफिलिया, स्नायूंचा ऱ्हास आणि स्वमग्नता त्यात आहेत. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात हे त्या कायद्यात आहे, आणि राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला त्यासाठी सक्तीची मानके ठरवायला सांगितले. चाकाच्या खुर्चीसाठी धरलेले उताराचे प्रमाण साधारण एकास बारा असते, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर उतार. ज्या उतारावर खुर्ची जाते, त्यावर मोठ्या मुलाची बाबागाडी जाते, आजोबांची काठी जाते आणि डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली कोळीणही न घसरता जाते.

महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाने जंजिऱ्याला नवी जेट्टी बांधण्याचे काम हाती घेतले आहे. किल्ल्याच्या आतले दगड तसेच राहतील, राहायलाच हवेत. पण होडीतून किल्ल्यावर पाऊल टाकताना आज जी उडी मारावी लागते, ती गेली पाहिजे. ओहोटीच्या सर्वांत खालच्या पाण्यालाही होडी आणि जेट्टी यांच्यात फट राहू नये, उतार एकास बाराहून तीव्र नसावा, कडेला लहान मुलाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर दुसरा कठडा असावा, आणि मध्ये कुठेतरी सावलीचा बाक असावा. दिघी आणि आगरदांड्याच्या उतारांनाही हीच चार मापे लावून बघावीत. टेप घेऊन एका सकाळी, ओहोटीच्या वेळी, ते मोजता येते.